एजंटबिगर व्हतं का हे काम?

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, विषय आमच्या घरात मोकळेपणाने निघाला तो २०२२ च्या उन्हाळ्यात, यावल तालुक्यातल्या आमच्या गावी, केळीच्या कापणीच्या धांदलीत. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "एजंटबिगर व्हतं का हे काम?" आमच्या भागात ट्रॅक्टरच्या पासिंगपासून सातबाऱ्यावरच्या नोंदीपर्यंत प्रत्येक कामाला एक माहीतगार माणूस लागतो, आणि तो घेतल्याने काम लवकर होते, हा अप्पांचा आयुष्यभराचा अनुभव होता. त्यामुळे आम्हीही आधी तोच रस्ता धरला.

ज्या कन्सल्टंटकडे आम्ही गेलो त्याचे कार्यालय काचेचे होते आणि भिंतीवर मेपलच्या पानाखाली पासपोर्ट धरून हसणाऱ्या जोडप्यांचे फोटो होते. एकूण फी एक लाख वीस हजार रुपये, तीन हप्त्यांत. पहिले चाळीस हजार नोंदणीच्या दिवशी. करारनामा अकरा पानांचा होता आणि तो मी घरी येऊन, म्हणजे पैसे भरल्यानंतर, पहिल्यांदा नीट वाचला. त्यात त्यांनी करायच्या कामांची यादी एका पानात संपत होती. विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्ट, कंपनीचे अनुभवपत्र, बँकेचे पत्र, पोलीस क्लिअरन्स, इंग्रजीची परीक्षा हे सर्व 'ग्राहकाने स्वखर्चाने व स्वप्रयत्नाने' आणायचे होते. त्यांच्याकडे उरत होते ते ऑनलाइन फॉर्ममधल्या रकान्यांत ही माहिती भरणे.

इथवर माझी तक्रार नव्हती. फॉर्म भरायला भीती वाटते म्हणून माणूस पैसे देतो, त्यात गैर काही नाही. तक्रार सुरू झाली ती आमच्या दोघांचे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे निकाल हाती आल्यावर. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून ज्यांचे जास्त त्यांनाच पीआरच्या अर्जाचे निमंत्रण येते. कन्सल्टंटने प्रोफाइल माझ्या पतीच्या नावाने तयार केले आणि गुण निघाले ४१८. त्या काळात ४९० च्या खाली कोणाला निमंत्रण मिळत नव्हते. मी एका रविवारी कॅनडा सरकारच्याच संकेतस्थळावरचे गुण मोजण्याचे साधन उघडले आणि मुख्य अर्जदार म्हणून स्वतःची माहिती घातली. माझे वय २९, म्हणजे जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला वयाचे पूर्ण १०० गुण. पतीचे वय ३२, त्यांना ८५. माझी एमएस्सी, १२६ गुण, त्यांची बी.ई., ११२. दुसऱ्या प्रयत्नात माझे इंग्रजी कॅनडाच्या मोजपट्टीवर दहाव्या पातळीला गेले होते, पतीचे नवव्या. म्हणजे मला १२८ आणि त्यांना ११६. शिक्षण, अनुभव आणि भाषा यांच्या एकत्रित गुणांत माझे १०० भरत होते, त्यांचे ७५. शेवटी जोडीदाराचे गुण मिळवले तेव्हा माझी बेरीज ४८२ झाली. घर तेच, कागद तेच. फक्त नावांची अदलाबदल केल्याने ६४ गुणांचा फरक पडत होता.

मी हे कन्सल्टंटच्या माणसाला दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मेन अ‍ॅप्लिकंट साहेबच असतात." तसा नियम कुठेही नाही. तो त्याच्या टेबलावरचा नियम होता.

त्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ समजल्या. पहिली ही की आमचे खाते त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडले होते आणि पासवर्ड आम्हाला देत नव्हते. निमंत्रण आले असते तरी ते त्यांना कळले असते, आम्हाला नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. निमंत्रणानंतरच्या अर्जात असा थेट प्रश्न असतो की, तुम्हाला कोणत्याही देशाने कधी व्हिसा नाकारला आहे का. माझ्या पतींना २०१६ मध्ये कंपनीच्या कामासाठी मागितलेला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला होता. कन्सल्टंटने त्या अर्जाच्या तयार मसुद्यात 'नाही' असे भरले होते आणि कारण दिले की, उगाच शंका कशाला निर्माण करायची. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे अशी माहिती चुकीची देणे किंवा दडवणे सिद्ध झाले तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते. खोटे कन्सल्टंटने लिहिले असले तरी बंदी अर्जदारावर येते, कारण खाली घोषणा त्याची असते.

प्रतिनिधीबद्दलच्या प्रश्नालाही त्यांनी 'नाही' असेच उत्तर दिलेले होते. पैसे घेऊन मदत करणाऱ्याचे नाव आयएमएम ५४७६ या फॉर्मवर जाहीर करावे लागते आणि कलम ९१ नुसार पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त तिथल्या वकील-संघटनांच्या सदस्यांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक सल्लागारांना आहे. या सल्लागारांची नियामक संस्था नोव्हेंबर २०२१ पासून नव्या रूपात काम करते आणि तिच्या संकेतस्थळावर कोणाचेही नाव घालून परवाना पाहता येतो. मी पाहिला, आमच्या माणसाचे नाव तिथे नव्हते. पहिला हप्ता परत मिळाला नाही. आम्ही ते प्रोफाइल रद्द करून घेतले आणि माझ्या ईमेलवर, माझ्या नावाने नवे उघडले.

त्यानंतरचे काम अवघड होते असे मी म्हणणार नाही, चिवट होते. माझ्या दोन्ही पदव्या गिरणेकाठच्या टेकड्यांवरच्या आमच्या विद्यापीठाच्या. विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले २०१८ मध्ये आणि माझी एमएस्सी झाली २०१६ मध्ये. त्यामुळे पदवीवर एक नाव, ट्रान्स्क्रिप्टवर दुसरे. शिवाय गुणपत्रिकांवर माझे माहेरचे नाव, तेही आडनाव आधी, आणि पासपोर्टवर सासरचे. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि स्टॅम्प पेपरवर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र जोडले. मुलीचा जन्मदाखला मराठीत होता. माझे चुलतसासरे तालुक्यात चाळीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहेत आणि 'भाषांतर मीच करणार' असा त्यांचा आग्रह होता. परंतु नातेवाइकाने केलेले भाषांतर चालत नाही, त्यासाठी बाहेरचा भाषांतरकार आणि त्याचे प्रतिज्ञापत्र लागते, हे त्यांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. अजूनही ते त्याचा राग धरून आहेत.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो अनुभवपत्राने. मी कांद्याचे निर्जलीकरण करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात सहा वर्षे काम केले होते. एचआरने दिलेले पत्र दोन ओळींचे होते: अमुक तारखेपासून काम करतात, वर्तणूक समाधानकारक आहे. कॅनडाच्या अधिकाऱ्याला वर्तणुकीशी कर्तव्य नसते. त्याला पद, नोकरीच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोज प्रत्यक्ष काय काम केले ते हवे असते, कारण त्यांच्या व्यवसायांच्या वर्गीकरणातल्या ज्या कोडवर आपण बोट ठेवतो, त्याच्याशी ते काम जुळले पाहिजे. कन्सल्टंटकडे यावर तयार मसुदा होता, आणि तो वर्गीकरणातली वाक्ये जशीच्या तशी उचलून केलेला होता. तो मी बाजूला ठेवला. माझ्या विभागप्रमुखांसोबत बसून बॅच रजिस्टर उघडले आणि त्यावरून लिहून काढले: प्रत्येक बॅचमधल्या फ्लेक्सचा ओलावा मोजणे, जिवाणूंच्या संख्येच्या चाचण्या, नापास मालाची नोंद व कारण, नव्या तंत्रज्ञांना प्रशिक्षण. एचआरने तो मसुदा तीन वेळा परत पाठवला आणि चौथ्या वेळी लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दिला. हे काम माझ्या जागी जगातला कोणताही कन्सल्टंट करू शकला नसता, कारण त्या कारखान्यात मी काय करत होते हे फक्त मला आणि त्या रजिस्टरला माहीत होते.

पैशांचा पुरावा हा अप्पांसाठी धक्का होता. त्या वर्षी तीन माणसांच्या कुटुंबाला २०,३७१ कॅनेडियन डॉलर, म्हणजे सुमारे साडेबारा लाख रुपये, दाखवायचे होते. अप्पांनी लगेच सातबारा काढला. पण जमिनीची किंमत त्यात धरली जात नाही आणि उसने घेतलेले पैसेही चालत नाहीत. खात्यातली शिल्लक किंवा एफडी हवी, आणि बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक हवी. म्हणून ही तयारी मुळात निमंत्रणाच्या सहा महिने आधी करायची असते, हे आम्हाला वेळेत कळले, एवढेच नशीब.

मार्च २०२३ मध्ये कटऑफ ४९० वरून ४८४ वर आला आणि २९ मार्चला ४८१ वर. आमचे ४८२ होते, म्हणून निमंत्रण आले. ऑगस्टमध्ये मला तीस पूर्ण होणार होते आणि वयाचे पाच गुण गेले असते. निमंत्रणानंतर कागद चढवायला ६० दिवस मिळतात. सरकारी शुल्क दोन प्रौढ, एक मूल आणि बायोमेट्रिक मिळून ३,१३० डॉलर झाले. पुण्याची वैद्यकीय तपासणी आणि पोलीस क्लिअरन्स यांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

एका ठिकाणी मात्र मी पैसे देऊन सल्ला घेतला, आणि तो योग्यच होता असे मला आजही वाटते. नाकारलेल्या अमेरिकी व्हिसाबद्दल 'हो' लिहायचे हे ठरले होते, पण स्पष्टीकरण कसे लिहावे याची मला खात्री नव्हती. परवाना तपासून एका सल्लागाराचा व्हिडिओ कॉलवर एक तास घेतला. त्यांनी माझे दीड पानी पत्र सहा वाक्यांवर आणले, अश्रुपात काढून टाकला आणि तारीख व नकाराचे कारण तेवढे ठेवले. ज्यांच्या फाइलमध्ये जुना नकार आहे, पोलीस केस आहे, घटस्फोटानंतर मुलाच्या ताब्याचा प्रश्न आहे, त्यांनी एकट्याने धाडस करू नये. ज्यांची फाइल सरळ आहे, त्यांनी लाखभर रुपये रकाने भरण्यासाठी देऊ नयेत.

आता नियम पुष्कळ बदलले आहेत. ३० एप्रिल २०२४ ला एका प्रौढाचे शुल्क वाढून १,५२५ डॉलर झाले, जून २०२३ पासून व्यवसायांच्या गटांप्रमाणे वेगळ्या निवडी होऊ लागल्या, आणि नोकरीच्या ऑफरचे जादा गुण २५ मार्च २०२५ ला बंद झाले. तरीही आपल्याकडे ऑफर लेटर 'काढून देणारे' अजून त्याच गुणांच्या नावाने पैसे मागतात, हे मी या सुट्टीत गावी आल्यावर स्वतः ऐकले.

काल फैजपूरचा एक मुलगा फाइल घेऊन आला होता. अप्पांनीच पाठवला होता त्याला. मी फी घेत नाही, आणि घेऊही शकत नाही, हे आधी सांगितले. त्याच्याकडे आयईएलटीएस होते, ट्रान्स्क्रिप्ट होते, एफडीची पावती होती, आणि अनुभवपत्र दोन ओळींचे होते: वर्तणूक समाधानकारक. तो सोमवारी पुन्हा एचआरकडे जाणार आहे.