लिहिणाऱ्या पोरांचं काय करायचं?

आमच्याकडे खानदेशात पोरगं हुशार निघालं की घरचे आधी स्कॉलरशिपचा क्लास लावतात, मग नवोदय शाळेची प्रवेश परीक्षा, मग होमी भाभा ही विज्ञानाची परीक्षा, मग आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा. त्यात वाईट काहीच नाही, एनएमएमएसचे वर्षाला 12,000 रुपये नववी ते बारावी मिळतात, रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ती रक्कम छोटी नसते. पण जे पोरगं गणितात बरंबरं असतं आणि वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहितं त्याचं काय? परवा पालक मीटिंगला एक आई अहिराणीत म्हणाली, "मॅडम, मन्ही पोर दिनभर लिखत ऱ्हास, तेना काय उपेग शे?" म्हणजे माझी पोरगी दिवसभर लिहीत असते, त्याचा काय उपयोग? मला तिला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही कारण मागे रांग होती, म्हणून इथे लिहितेय.

आधी तिच्या पोरीबद्दल. चाचणीत 'शेतकऱ्याचे मनोगत' हा निबंध होता, सगळ्या वर्गाने गाईडमधला उतरवला, मी काळ्या आईचा पुत्र वगैरे. हिने लिहिलं की कापसाची गाडी जिनिंगवर उभी असते, व्यापारी मूठभर कापूस घेऊन दाबतो ओल बघायला, आणि तेव्हा बाबा कापसाकडे बघतच नाहीत, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात. बस. पुढे दोन ओळी आणि निबंध संपला. तपासणाऱ्यांनी शेवट नाही म्हणून मार्क कापले. मी ती पुरवणी स्टाफरूममध्ये तीन-चार जणांना वाचून दाखवली, एक सर म्हणाले छान आहे पण बोर्डात चालणार नाही, आणि ते खरंच आहे, बोर्डात चालणार नाही!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अशा पोरांना मार्क देणारा सोडून दुसरा कोणीतरी वाचणारा मिळवून द्या. क्लास नको, वाचणारा पाहिजे.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये होते, तिथे वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढायचे, आणि 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. रोज हाताने! आपल्याकडे झेरॉक्स आहे तरी आपण वर्षातून एक हस्तलिखित काढतो, तेही गॅदरिंगला पाहुण्यांच्या हातात देऊन फोटो काढायला, मग ते कपाटात. आम्ही दोन वर्षांपासून वेगळं करतोय, चार पानं पोरांच्या अक्षरात, झेरॉक्स, मधोमध घडी, आणि ती ठेवायची गावातल्या सलूनमध्ये, कारण रविवारी तिथे नंबर लावून माणसं बसलेली असतात आणि वाचायला दुसरं काही नसतं. एका सातवीतल्या पोराने बैलाची गोष्ट लिहिली, त्यात बैल पुढचे पाय टेकवून उठला. दाढीला बसलेल्या एका बाबांनी तिथूनच निरोप पाठवला की त्या पोराला सांगा बैल आधी मागून उठतो, घोडा पुढून उठतो. पोरगं गोठ्यात जाऊन बघून आलं आणि पूर्ण परिच्छेद बदलला. मी वर्षभर 'बारकाईने निरीक्षण करा' सांगत होते त्याचा असा उपयोग कधी झाला नव्हता.

आता गावाबाहेर पाठवायचं तर कुठे. 'किशोर' मासिक बालभारती 1971 पासून काढतंय, त्यात मुलांचं लिखाण छापतात, आणि जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत, मोबाईल तसाही पोरांच्याच हातात असतो तर निदान हे तरी उघडून द्या. पोस्टाची 'ढाई आखर' पत्रलेखन स्पर्धा तर मला फार आवडते. अठरापर्यंतच्या मुलांचा वेगळा गट असतो, पत्र हातानेच लिहायचं, मराठीत चालतं, आंतरदेशीयवर 500 शब्दांपर्यंत आणि पाकिटातून पाठवलं तर 1000. राज्यात पहिला नंबर आला तर 25,000 रुपये आणि देशात आला तर 50,000. विषय दरवर्षी बदलतो, जाहिरात साधारण दिवाळीच्या आगेमागे दिसते, पण शाळेत ती नोटीस फाईलला लागून राहते म्हणून सरळ पोस्टात जाऊन विचारा. 9 ते 15 वयाच्या मुलांसाठी जागतिक टपाल संघाची पण पत्रलेखन स्पर्धा असते, तीही पोस्टामार्फतच. इंग्लिश मीडियमवाल्यांना क्वीन्स कॉमनवेल्थ निबंध स्पर्धा आहे, 1883 पासूनची, फी नाही. पुण्याला ज्ञानप्रबोधिनी 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करतेय, पण पुणे आपल्याला लांब, आणि सगळ्यांना पाठवणं जमत नाही.

एक मात्र सांगते, फी भरा आणि तुमच्या मुलाची कविता पुस्तकात छापून देतो असे मेसेज हल्ली व्हॉट्सअपवर फिरतात, सर्टिफिकेट आणि मेडल सकट. पैसे देऊन छापलं तर तो वाचक नाही, गिऱ्हाईक तुम्हीच. माझं मत, पटलं तर घ्या.

घरी काय करता येईल तर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरगं मोकळं असतं आणि घरात मावश्या, आत्या, आजी सगळ्या जमलेल्या असतात, झोक्यावर गाणी चालू असतात, त्याला वही देऊन बसवा. कोणती ओळ कोणाकडून आली ते नावासकट लिहायचं. दोन आत्या एकच गाणं वेगळं म्हणतात आणि त्यावरून भांडतात, ते भांडण पण लिहून घ्यायचं, कधीकधी गाण्यापेक्षा तेच भारी निघतं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या नात्यातल्या भावाने ऐकून उतरवून ठेवलं म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघालं. पोराने अहिराणीत लिहिलं तर लिहू द्या. संवाद तरी अहिराणीतच येऊ द्या, शिरपूरच्या बसमधला कंडक्टर 'कृपया पुढे सरका' म्हणाला असं लिहिलं की गोष्ट तिथेच मेली.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे धरणगावचे, 1907 ला जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणायला उभे राहिले तेव्हा सतराचे पण नव्हते, तिथेच कर्नल कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं. आज अकरावीतल्या पोराला मोठ्यांच्या कविसंमेलनात कोण उभं करतं? सूत्रसंचालनाला घेतात फार तर. अमळनेरला 2024 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं तेव्हा सगळ्यांच्या अंगात आलं होतं, आता परत सामसूम.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणी शाळेच्या पोरांसाठी लिखाणाचं शिबिर घेत असेल तर मला कळवा, पोरं घेऊन येते, गाडीभाडं आमचं आम्ही बघू. फक्त मे महिन्यात ठेवू नका, 45 डिग्रीत पोरं येतीलही, मी येणार नाही.