दर उन्हाळ्यात नवा संघ, मग तुम्ही चाहते कोणाचे?

बेलापूरच्या आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वर्षातून एकदा तरी हा प्रश्न मला विचारला जातो. "साहेब, तुमच्या त्या ग्रीक फुटबॉल टीमचा कोच पुन्हा बदलला म्हणे. खेळाडूही दरवर्षी नवे. मग तुम्ही चाहते नेमके कोणाचे?" विचारणारा बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच विचारतो, कारण त्या दिवसांत मी डब्यापेक्षा मोबाईलमध्ये अधिक डोके घालून बसलेला असतो. आजवर मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका घासात देण्यासारखे नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

क्लब म्हणजे पिरेयसचा ऑलिंपियाकोस. पिरेयस हे अथेन्सचे बंदर, आणि जहाजावर काम करणाऱ्या माणसाचा ग्रीसशी संबंध येतो तो याच गावामुळे. 2005 च्या शरद ऋतूत आमचे जहाज पिरेयसजवळ पेरामाच्या दुरुस्ती गोदीत होते आणि मी सेकंड इंजिनीअर होतो. सुटे भाग पुरवणाऱ्या दुकानदाराचा एक वयस्कर हिशेबनीस रोज पावत्या घेऊन येई आणि पावत्यांपेक्षा फुटबॉलवर जास्त बोले. रिव्हाल्डो त्या काळी ऑलिंपियाकोसकडून खेळत होता, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज ठळक अक्षरांत छापून येणारा 'मेताग्राफी' हा शब्द मी त्याला विचारला, तेव्हा त्याने सांगितले की खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाणे म्हणजे मेताग्राफी, आणि घर किंवा जमीन विकत घेतल्यावर सरकारी दप्तरात नव्या मालकाची नोंद करतात, तिलाही मेताग्राफीच म्हणतात. मी मनात म्हटले, म्हणजे हा आपला फेरफारच की. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी वाचत लहानाचा मोठा झालेला मी. कोणाचे नाव लागले, कोणाचे कमी झाले, हे वाचण्याची गोडी मला वेगळी लावून घ्यावी लागली नाही. त्याच आठवड्यात मी एका वहीत पहिले पान आखले: वर प्रशिक्षकाचे नाव, डावीकडे आलेले खेळाडू, उजवीकडे गेलेले.

पुढे मी किनाऱ्यावर आलो आणि आता जहाजांवर माणसे पाठवण्याचे काम करतो. या कामामुळे माझा दृष्टिकोन बदलला, हे मान्य केले पाहिजे. जहाजावर कप्तान बदलणे ही रोजची बाब आहे. चार-सहा महिन्यांनी एक उतरतो, दुसरा चढतो, आणि उतरणारा आपल्यामागे हँडओव्हर नोट ठेवून जातो, ज्यात कोणता पंप कुरकुरतो इथपासून कोणत्या माणसावर लक्ष ठेवावे इथपर्यंत सगळे लिहिलेले असते. बदलामुळे जहाज बुडत नाही. अडचण होते ती बदल चुकीच्या वेळी झाला किंवा नोंदीविना झाला तर. ऑलिंपियाकोसमध्ये कित्येक वर्षे या दोन्ही चुका एकदमच होत आल्या.

यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय तिथला उन्हाळा कळत नाही. ग्रीक लीगमधले उत्पन्न बेताचे आहे. खरा पैसा युरोपच्या स्पर्धांमध्ये, त्यातही चॅम्पियन्स लीगमध्ये. पण ग्रीसचे मानांकन घसरलेले असेल, तर देशाच्या विजेत्यालाही त्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही आणि जुलैच्या मध्यापासून पात्रता फेऱ्या खेळाव्या लागतात. खेळाडूंची खरेदी-विक्री मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे चालते, आणि ज्यांचा करार संपलेला आहे किंवा ज्यांना मोठे क्लब उसने द्यायला तयार आहेत, असे परवडणारे खेळाडू बाजारात येतात ते शेवटच्या पंधरवड्यात. म्हणजे वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा सामना अर्ध्या संघानिशी खेळायचा आणि पूर्ण संघ उभा राहतो तो निकाल लागून गेल्यावर. या दोन तारखांच्या मधे जो उभा असतो, तो प्रशिक्षक. पराभव झाला की संघ बदलता येत नाही, क्लब बदलता येत नाही, मालक तर नाहीच. मग जो एकटा बदलता येतो त्याला बदलतात.

2016 च्या ऑगस्टमध्ये हपोएल बीर शेवा या इस्रायली क्लबाने ऑलिंपियाकोसला पात्रता फेरीतच घरी पाठवले आणि व्हिक्टर सांचेझ यांना हंगाम सुरू होण्याआधीच जावे लागले. त्यांच्या जागी पाउलो बेंटो आले. पुढच्या मार्चमध्ये तेही गेले. 2017-18 मध्ये बेस्निक हासी, ताकिस लेमोनिस आणि ऑस्कर गार्सिया असे तिघे झाले. त्या एप्रिलमध्ये मालक इव्हांगेलोस मारिनाकिस यांचा संयम सुटला, आणि या जहाजमालकाने संपूर्ण संघाला 4 लाख युरो दंड ठोठावून सुट्टीवर पाठवले व उरलेला हंगाम तरुण पोरांना घेऊन पूर्ण करू असे जाहीर केले. आमच्या धंद्यात एखाद्या मालकाने भर समुद्रात सगळे खलाशी उतरवले असते तर पोर्ट स्टेट कंट्रोलने, म्हणजे बंदरात परदेशी जहाजांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेने, जहाज अडकवले असते. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही.

त्यानंतर आलेले पेद्रो मार्टिन्स चार वर्षे टिकले आणि 2020, 2021, 2022 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवून त्यांनी माझ्या वहीतले वरचे खण आळशी करून टाकले. 27 जुलै 2022 ला पात्रता फेरीत मकाबी हैफा या इस्रायली क्लबाकडून पिरेयसमध्येच 0-4 असा पराभव झाला. तीन विजेतेपदांची पुण्याई एका आठवड्यात संपली आणि 1 ऑगस्टला मार्टिन्स गेले.

त्या वर्षाचे पान मी जपून ठेवले आहे. मार्टिन्स यांच्या जागी कार्लोस कोर्बेरान आले. त्यांनी स्लोव्हान ब्राटिस्लाव्हा आणि अपोलोन लिमासोल यांना पेनल्टीवर, म्हणजे अक्षरशः कडेलोटावरून, मागे टाकून संघाला युरोपा लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालच्या स्पर्धेत, नेले, आणि तरीही सप्टेंबरच्या मध्याला त्यांना निरोप मिळाला. मग मिशेल आले, जे 2013 ते 2015 या काळात इथेच होते. एप्रिलमध्ये तेही गेले आणि उरलेला हंगाम होझे अनिगो यांनी सांभाळला. एका पानावर चार प्रशिक्षक. डाव्या रकान्यात तर जागाच पुरली नाही, मी समासात आडवी नावे लिहिली. त्यात रेआल माद्रिदबरोबर पाच वेळा युरोपचा विजेता ठरलेला मार्सेलो होता आणि 2014 चा विश्वचषक गाजवणारा हामेस रोद्रिगेझही होता. मार्सेलोच्या स्वागताला काराइस्काकिस मैदानावर हजारो लोक जमले होते, त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्या रात्री मीही घरात उगाचच दोनदा चहा केला. फेब्रुवारीत करार संपवून तो निघून गेला. एप्रिलमध्ये हामेस गेला. विजेतेपद अथेन्सच्याच एईके या क्लबाने नेले आणि ऑलिंपियाकोस तिसरा आला. उतारवयातल्या मोठ्या नावांवर भाळणारा क्लब हा सणासुदीला कर्ज काढून दागिने घेणाऱ्या घरासारखा असतो, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे आणि ते बदलण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

आता ज्या हंगामाचा दाखला देऊन लोक मला निरुत्तर करू पाहतात, त्याकडे येतो. 2023-24 मध्ये पुन्हा तीन प्रशिक्षक झाले. दिएगो मार्टिनेझ उन्हाळ्यात आले आणि डिसेंबरमध्ये गेले. कार्लोस कार्व्हालाल डिसेंबरमध्ये आले आणि फेब्रुवारीत गेले. मग होझे लुइस मेंदिलिबार आले. आणि त्याच वर्षी ऑलिंपियाकोसने कॉन्फरन्स लीग, म्हणजे युरोपच्या क्लब स्पर्धांतली तिसऱ्या पायरीची स्पर्धा, जिंकली. युरोपचा चषक कोणत्याही ग्रीक क्लबाने जिंकण्याची ती पहिली वेळ होती. त्याआधीची मजल म्हणजे 1971 मध्ये अथेन्सचा पॅनाथिनाइकोस क्लब वेम्बलीच्या अंतिम सामन्यात आयाक्सकडून हरला तेवढीच. "बघा, बदलत राहिले म्हणूनच जिंकले," असे आमचे एक सहकारी ठासून सांगतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे माझ्या वहीतच लिहिलेले आहे.

त्या स्पर्धेत मार्च 2024 मध्ये मकाबी तेल अवीव या इस्रायली क्लबाने पिरेयसमध्ये 4-1 असा विजय मिळवला होता. परतीचा सामना सर्बियातल्या बाच्का टोपोला या लहानशा गावी झाला आणि तो ऑलिंपियाकोसने जादा वेळेत 6-1 असा जिंकला. फेनरबाचेविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये कोस्टास त्सोलाकिसने तीन फटके अडवले. उपांत्य फेरीत अॅस्टन व्हिलाला त्यांच्याच मैदानावर 4-2 आणि पिरेयसमध्ये 2-0 असे हरवले, ज्यात अयूब अल काबी या मोरोक्कन आघाडीपटूचे दोन सामन्यांत मिळून पाच गोल होते. अल काबी कधी आला होता? 2023 च्या ऑगस्टमध्ये, मार्टिनेझ यांच्या वेळी, हस्तांतर शुल्काविना. दानियल पोदेन्से वुल्व्हस या इंग्लिश क्लबाकडून उसना आला तोही त्याच उन्हाळ्यात. त्सोलाकिस तर क्लबाच्या स्वतःच्या अकादमीतला. मेंदिलिबार यांचे श्रेय मी कमी लेखत नाही: या बास्क माणसाने आल्या आल्या फार काही न बदलता प्रत्येकाला सोपे काम दिले, चेंडू गेला की लगेच पुढे धावून दाबायचे आणि मिळाला की आडवेतिडवे न करता गोलाकडे न्यायचे. पण ज्यांच्याकडून हे करून घ्यायचे ते लोक आधीच्यांच्या काळात नोंदवले गेले होते. फुटबॉलमध्ये जाणारा प्रशिक्षक कागदावर काही लिहून देत नाही. त्याच्या काळात आलेले आणि मागे राहिलेले खेळाडू हीच त्याची हँडओव्हर नोट असते. मेंदिलिबार यांनी ती नीट वाचली. कोर्बेरान आणि मिशेल यांना मिळालेली नोट कोणालाच वाचता आली नसती, इतकी तीत खाडाखोड होती.

29 मे 2024 चा अंतिम सामना अथेन्समध्येच, पण प्रतिस्पर्धी एईकेच्या मैदानावर झाला. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. फिओरेंटिनाविरुद्ध नव्वद मिनिटांत गोल नाही, जादा वेळही सरत आलेली, आणि 116 व्या मिनिटाला सान्तियागो हेझेच्या क्रॉसवर अल काबीने खाली वाकून डोके लावले. मग व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय पडताळण्याची, तपासणी सुरू झाली. घरातले सगळे झोपलेले, पंखा हळू केलेला, आवाज बंद. पडद्यावरच्या पंचाच्या हाताकडे मी पाहत राहिलो होतो. त्याने मध्यरेषेकडे बोट दाखवले तेव्हा पहाटेचे तीन वाजायला आले होते.

चषक उचलला तो कर्णधार कोस्टास फोर्तुनिसने. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या एका माणसात दिसते तो हाच. तो 2014 मध्ये आला तेव्हा मिशेल प्रशिक्षक होते. ते गेले, सात वर्षांनी परतले आणि पुन्हा गेले, तरी हा तिथेच. मधल्या काळातले हंगामी प्रशिक्षकही धरले तर त्याच्या दहा वर्षांत वरच्या खणात पंधराहून अधिक नावे येऊन गेली. 2024 च्या उन्हाळ्यात तो सौदी अरेबियात गेला आणि उजव्या रकान्यात त्याचे नाव लिहिताना मी बराच वेळ पेन उघडे धरून बसलो.

त्यानंतरची पाने वेगळी आहेत. विलियनसारखे एखादे मोठे नाव 2024 मध्येही आले आणि काही महिन्यांत गेले, पण आता ते अपवादाच्या जागी होते. मेंदिलिबार राहिले आणि 2025 मध्ये लीग आणि ग्रीक कप दोन्ही आले. एप्रिल 2024 मध्ये मिलानला 3-0 हरवून यूएफा यूथ लीग जिंकलेल्या पिढीतली मुले मुख्य संघात दिसू लागली. त्यांतला अठरा वर्षांचा हरालाम्बोस कोस्तुलास 2025 च्या जूनमध्ये साडेतीन कोटी युरोंच्या घरात ब्रायटनला विकला गेला. त्याच उन्हाळ्यात इंटरकडून मेहदी तारेमी आला आणि पोदेन्से तिसऱ्यांदा क्लबात आला. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश होता, पात्रता फेरी नव्हती, आणि तो ऑगस्ट इतका शांत गेला की मी कचेरीत वेळेवर जेवलो.

तेव्हा मी चाहता कोणाचा, याचे उत्तर असे की मी त्या दोन रकान्यांचा आणि त्यांच्या मधल्या रेषेचा आहे. कोण आले आणि कोण गेले हे कोणीही सांगेल. गेलेल्याने मागे काय ठेवले आणि आलेल्याने त्यातले काय वापरले, हे पाहायला मला बारा महिने लागतात आणि ते बारा महिने मला आवडतात.

आमच्या कचेरीतला एक तरुण आता म्हणतो की त्यालाही हा क्लब पाहायचा आहे, तर सुरुवात कोठून करू. मी त्याला अंतिम सामन्याची चित्रफीत मुळीच दिली नाही. ज्या वर्षी पात्रता फेरी नशिबी येईल, त्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ये असे सांगितले आहे. सामना आपल्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू होतो. चहा मी करीन, वही त्याने आणायची.