अहवालाचा सीझन

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

गेला एकदाचा. वार्षिक अहवाल संध्याकाळी प्रेसला गेला, प्रेसवाल्या दादांचा "मिळाली फाइल" असा मेसेज आला तेव्हा ऑफिसात मी आणि वॉचमनकाका दोघंच उरलो होतो. आता झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

एनजीओत काम करते म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले, पगार देतात का आणि म्हणजे नक्की काय करता. पहिल्याचं उत्तर हो, देतात, वेळेवर देतात, फार नाही. दुसऱ्याचं उत्तर मला अजून एका वाक्यात जमलेलं नाही. कम्युनिकेशन्स डिपार्टमेंटला अॅडमिन सपोर्ट असं अपॉइंटमेंट लेटरवर लिहिलंय. म्हणजे लिहिणारे वेगळे, डिझाइन करणारा वेगळा, फोटो काढणारे तर फील्डवर, आणि या सगळ्यांच्या मागे लागून त्यांच्याकडून माल काढून घेणारी मी. शिवाय तीन कोटेशन मागवा, बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा, कुरिअरवाल्याशी भांडा, हे आहेच.

आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण ऑडिट व्हायला सप्टेंबर उजाडतो आणि तोपर्यंत आकडे हलतच राहतात. यंदा ३२ पानं ठरली होती, तर बुधवारी अकाउंट्सने एक पान वाढवलं. सेंटर पिनच्या पुस्तकाला पानं चारच्या पटीत लागतात, ३३ पानांचं पुस्तक नसतं हे मी दरवर्षी सांगते. एकतर ३६ करा आणि बजेट वाढवा, नाहीतर एक पान कापा. शेवटी विश्वस्तांचं दोन पानी मनोगत एका पानात आलं, आणि खरं सांगू का, ते बरंच सुधारलं.

फील्डवरून येणारा मजकूर हा वेगळाच विषय. कोणी व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवतं, कोणी वहीच्या पानाचा फोटो, एका दादांचा रिपोर्ट अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टमध्ये येतो, माझ्याकडे उघडला की नुसती चिन्हंच चिन्हं, कन्व्हर्टरमधून काढला तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. फोटो तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा हे सांगून माझं तोंड दुखलं, तरी साधाच पाठवतात, मग तो मोबाइलवर छान दिसतो आणि छापायला घेतला की चेहऱ्याचे चौकोन होतात.

पण यंदाचं खरं रामायण झालं ते कव्हरवरून.

आमचं बरंचसं काम बीड जिल्ह्यात, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात ते मार्च-एप्रिलला परत येतात, मधल्या काळात पोरांनी गावातच राहून शाळा करावी म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. तिथला एक जुना फोटो आहे आमच्याकडे. मुलगी आठ-नऊ वर्षांची, पाटी छातीशी धरलेली, समोरचा एक दात पडलेला, आणि असं काही हसतेय की बघणाऱ्याने खिशात हात घालावा. तो फोटो आधीच्या अहवालात आला, कॅलेंडरवर आला, डोनर प्रेझेंटेशनमध्ये तर कायमच. यंदा सगळ्यांना तो कव्हरवर हवा होता.

आता ती मुलगी तालुक्याला ज्युनिअर कॉलेजात आहे. मध्यंतरी तिने आमच्या फील्डवरच्या ताईंना सांगितलं, की ताई तो फोटो आता वापरू नका, वर्गातल्या कोणीतरी नेटवर बघितला आणि ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं होतं गरीब बिचारी. ताईंनी मला फोन करून सांगितलं, मी फोल्डरचं नाव बदलून पुढे "वापरू नये" असं टाकलं आणि तिच्या संमतीपत्रावर लाल पेनने तारीख घातली.

ते संमतीपत्र माझ्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे. खाली वडिलांची सही, म्हणजे नाव कसंबसं जुळवून लिहिलंय, शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलंय. फॉर्म इंग्रजीत. तेव्हा फॉर्म इंग्रजीतच असायचे. त्यात लिहिलंय की संस्थेला हा फोटो कुठल्याही माध्यमात, कितीही काळ वापरता येईल. त्या माणसाला कोणी हे वाचून दाखवलं असेल का, मला वाटत नाही. आता आमचे फॉर्म मराठीत आहेत, मोठ्या टायपात, आणि वाचून कोणी दाखवलं त्याचीही सही घेतो.

मंगळवारी मीटिंगमध्ये सर म्हणाले, कन्सेंट आहे ना फाइलला, वडिलांची सही आहे, मग प्रॉब्लेम काय. मी म्हटलं सर, वडिलांची आहे, तिची नाही, आणि ती नाही म्हणतेय. मग कोणीतरी सुचवलं की डोळ्यांवर पट्टी टाकू. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. काळी पट्टी गुन्हेगाराला लावतात, पाटी घेतलेल्या पोरीला कशाला? आणि पट्टीने ओळख लपते हाही गैरसमजच आहे, बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम वाचा, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या बाबतीत नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही मुलगी त्या व्याख्येत बसते की नाही यावर वकील वाद घालतील, घालू देत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही लिहिलंय की संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. मी हे सगळं जरा जास्तच जोरात बोलले, कारण नंतर रिसेप्शनवरची म्हणाली काय गं, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग पर्याय दाखव. दाखवला. कव्हरवर वसतिगृहाच्या भिंतीवरचं वेळापत्रक गेलंय, खडूने लिहिलेलं, सकाळी ५.३० उठणे, त्याच्या शेजारी कुठल्यातरी पोराने काढलेला ट्रॅक्टर. देणगीदार कंपनीच्या सीएसआरवाल्या मॅडमना "इमोशनल कनेक्ट" कमी वाटला. वाटू दे.

आतल्या पानावर खर्चाचा पाय चार्ट आहे, त्यातली सगळ्यात बारीक राखाडी फोड म्हणजे प्रशासकीय खर्च, म्हणजे मी. परदेशी निधीतून हा खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर २० वर आला, आणि इथल्या देणगीदारांनाही ती फोड जितकी बारीक तितकं बरं वाटतं. मी अकाउंट्सला विचारलं, संमतीपत्रं सांभाळणं हे प्रोग्रॅममध्ये धरायचं की अॅडमिनमध्ये? हसले नुसते. त्या राखाडी फोडीचा रंग प्रिंटमध्ये नीट दिसतोय ना हे तपासायचं काम अर्थात माझंच होतं.

आता पुढच्या आठवड्यात छापून आला की पाकिटं. लेबलांची एक्सेल आजच साफ करून ठेवली. यात श्री., सौ. आणि श्रीमती हे जीव मुठीत धरून बघावं लागतं, कारण नवरा गेलेल्या बाईंना "श्री. व सौ." असं पाकीट गेलं तर त्या काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या वर्षी चेक येत नाही. परत आलेल्या पाकिटांवर पोस्टमननी लिहिलेलं असतं, घर बंद, पत्ता अपुरा, सोडून गेले. त्या प्रत्येकाला फोन करायचा. मेमध्ये आयकर खात्याला देणग्यांचं विवरण भरताना पॅनसाठी फोन केलेलेच असतात, त्यामुळे बरेचजण आवाजावरून ओळखतात मला.

कोथरूडचे एक काका आहेत, नव्वदीला आले असतील, अहवाल पहिल्या पानापासून ताळेबंदापर्यंत वाचतात. आज दुपारी त्यांचाच फोन आला, यंदाचा आला नाही अजून म्हणून. मग म्हणाले, ती पाटीवाली मुलगी काय करते हो आता? मी म्हटलं काका, शिकतेय, कॉलेजात आहे. कुठल्या कॉलेजात, नाव काय तिचं? म्हटलं काका, ते नाही सांगता यायचं. दोन मिनिटं शांतता, मला वाटलं रागावले. मग म्हणाले, बरोबर आहे, नकाच सांगू, आणि चेक लिहून ठेवलाय, कोणालातरी पाठवा, मला बँकेचा जिना चढवत नाही.

ऑफिसबॉय रजेवर आहे, म्हणजे सोमवारी मलाच जावं लागणार.