पानशेतची लाँच, दहा मिनिटांनी दम सोडणारी

मेहुण्याच्या मामांची एक जुनी लाँच पानशेतच्या पाण्यात आहे. आत बसवलेलं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. पावसाळाभर उभी होती, दिवाळीनंतर काढली तर तक्रार अशी : चालू झटक्यात होते, दहा मिनिटं झकास पळते, मग मिनिटाला १८०० फेऱ्यांवरचा काटा ११०० वर येतो. थोडं थांबलं की पुन्हा शहाणी.

रविवारी सकाळी ६ ला सिंहगड रोडने निघालो. याहून उशीर करू नका. डोणजे फाट्याला गडाची मंडळी डावीकडे वळली की पुढचा रस्ता मोकळा. पाने, दोन डिझेल फिल्टर, तांब्याचे वॉशर, पाच लिटरचा कॅन आणि हातभर पारदर्शक नळी शनिवारीच नाना पेठेतून घेतली होती. तुम्हीही तसंच करा, रविवारी वाटेत शोधत बसू नका.

पहिली शंका पाण्याखालच्या पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. नायलॉनची दोरी किंवा जाळं गुंडाळलं गेलं तर इंजिन लोड घेत नाही, पण मग धूर काळा निघतो. आमचा धूर साफ होता. इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून मेहुणा पाण्यात उतरला आणि पंखा चाचपून आला. काही नाही. (किल्ली खिशातच हवी. कुणीतरी हौसेने स्टार्टर मारतंच.) इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप ठीक होता, तापमानही जागेवर. लोड आल्यावर दम जातो आणि धूर काळा नाही, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरत नाहीय, इतकं कळलं.

"अहो, एअर धरली असणार, डिझेलच्या नळीत हवा अडकली असणार. फिल्टर बदला," मामा म्हणाले. बदलला. जुना काळा पडला होता, म्हणून आम्ही खूश. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) दांडी मारत राहिलो, बुडबुडे थांबल्यावर आवळला. सांडलेलं डिझेल फडक्यात आणि बाटलीत घेतलं. हे पाणी पुढे खडकवासल्याला आणि तिथून आपल्याच नळाला येतं. इंजिनाने काठावर १८०० धरले. झालं काम, म्हणून आत गेलो.

बरोबर दहा मिनिटांनी, मधोमध, काटा पुन्हा ११०० वर.

मी फिल्टरनंतर ती पारदर्शक नळी जोडली. एकही बुडबुडा नाही, म्हणजे नळीत कुठून हवा शिरत नव्हती. मामांना वाटलं डिझेलच संपलं. त्यांनी काठीने मोजायला टाकीचं झाकण फिरवलं आणि सुस्स्स करून टाकीने श्वास घेतला. इंजिन तिथल्या तिथे वर चढलं.

टाकीची हवा आत घेणारी बारकी नळी कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकली होती. डिझेल बाहेर जाई, त्या जागी हवा येईना, टाकीत ओढ तयार होई आणि पंप थकून जाई. थांबल्यावर हळूहळू हवा झिरपे, म्हणून लाँच 'शहाणी'. सकाळी फिल्टर बदलताना डिझेल बघायला आम्ही झाकण उघडलंच होतं! गुण त्याचा आणि श्रेय फिल्टरला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी दुसऱ्यांना सांगतो.

नळी जागेवरच तारेने खोदू नका, माती टाकीत पडेल. सोडवून बाहेर काढा, दोन्ही बाजूंनी फुंका, तोंड खाली वळवून बसवा आणि बारीक जाळी लावा. झाकण सैल ठेवून काम भागवायचा मोह टाळा, पाणी शिरतं. झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर कॅनमधून थेट डिझेल द्या. त्यावर इंजिन नीट चाललं तर दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या नळीत, बहुधा टाकीतल्या जाळीवरच्या गाळात. त्यावरही दम गेला, तर इंजिनात डिझेल फवारणारे पंप-नोझल काढून शहरात दुरुस्तीला नेण्याची तयारी ठेवा.

लाइफ जॅकेट, नांगर आणि एक लांब बांबू घेतल्याशिवाय चाचणीला आत जाऊ नका. आमच्याकडे बांबू नव्हता. आणि परतताना ४ च्या आत निघा. खडकवासल्याच्या चौपाटीवर आम्ही कणीस खात दीड तास अडकलो.

मामांनी जाळी बसवली. परवा फोन आला, माशीने आता स्टार्टरच्या किल्लीच्या भोकात घर धरलंय.