८० रुपयांचा डॉलर आणि काजूचे बिल

मडगावातील एका बँकेत मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम पाहते. १९ जुलै २०२२ रोजी डॉलरने पहिल्यांदाच ८० रुपयांची पातळी ओलांडली आणि नेमकी त्याच दिवशी डिचोली तालुक्यातील एका काजू कारखानदाराच्या बिलाची मुदत भरत होती. गोव्याच्या बागांतील बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून ती आफ्रिकेतील बेनिन, आयव्हरी कोस्ट येथून आणावी लागते. एप्रिलमध्ये, डॉलर ७६ रुपयांच्या थोडा वर असताना, या गृहस्थांनी ९० दिवसांच्या एलसीवर, म्हणजे ९० दिवसांनी विक्रेत्याचे पैसे चुकवण्याच्या आमच्या बँकेच्या हमीवर, १,८०,००० डॉलरचा माल घेतला होता.

“मॅडम, माल तोच, भाव तोच, मग बिल एवढे कसे फुगले?” त्यांनी विचारले. डॉलरमधील भाव खरोखरच बदललेला नव्हता; बदलला होता तो डॉलरचा रुपयांतला दर. शिवाय बँक बिलाचा हिशेब वर्तमानपत्रातल्या दराने करत नाही. त्याहून काही पैसे चढा असलेला ‘बिल सेलिंग’ दर लागतो. हे सगळे धरून सात लाखांच्या आसपास जादा भरावे लागणार होते. मुदत वाढवून देणेही शक्य नव्हते, कारण एकदा बिल स्वीकारले की ग्राहकाच्या खात्यात पैसे असोत वा नसोत, परदेशी बँकेची रक्कम आम्हाला ठरल्या तारखेला चुकवावीच लागते आणि ती मग ग्राहकाच्या नावावर कर्ज म्हणून चढते.

रुपया घसरला की निर्यातदारांचे फावते, असे सगळेच लिहितात. हे गृहस्थ मात्र सोललेला काजूगर देशातच विकतात, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) मालाचे दर त्यांनी व्यापाऱ्यांना आधीच रुपयांत बांधून दिले होते. एप्रिलमध्येच डॉलर फॉरवर्डने बांधून ठेवला असता, म्हणजे जुलैचा दर बँकेशी आधीच ठरवून घेतला असता, तर डॉलरमागे सत्तरेक पैसे, म्हणजे एकूण सव्वा लाखाच्या घरात खर्च आला असता. कर्ज मंजूर करताना विमा पॉलिसी गळ्यात मारायला आमच्या अधिकाऱ्यांना भरपूर वेळ होता; फॉरवर्डविषयी मात्र ‘नको’ असे लिहिलेल्या इंग्रजी कागदावर सही घेण्यापलीकडे कोणी गेले नाही. पॉलिसीचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असते, समजावून सांगण्याचे नसते, आणि याचा मला आजही संताप येतो.

त्यांनी कॅश क्रेडिटमधून, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेने दिलेल्या कर्जमर्यादेतून, पैसे भरले. त्यामुळे पुढची खरेदी निम्म्यावर आली आणि सोलणाऱ्या बायकांना आठवड्यातून तीनच दिवस काम उरले. त्यांच्यापैकी कोणीही कधी डॉलरचा व्यवहार केला नव्हता. ऑक्टोबरमध्ये डॉलर ८३ च्याही पुढे गेला, तोपर्यंत त्या कारखान्याने नवी एलसी उघडलेली नव्हती.