वहिनी, ह्ये अठराशे कुठं गेलं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही त्यांचं टर्निंग-ड्रिलिंग करून परत पाठवतो. पगाराचं सगळं सासऱ्यांकडे, म्हणजे आण्णांकडे असायचं. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, डावीकडे हजेरी, उजवीकडे उचल, आणि सात तारखेच्या आत प्रत्येकाच्या हातात पाकीट. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आणि व्यवसाय कर तेवढा एक सल्लागार बघायचे.

मग संगणकावर चालणारी दोन सीएनसी मशीनं आली, दुसरी पाळी सुरू झाली आणि अठरा माणसांची एकवीस झाली. वीसचा आकडा गाठला की पीएफ लागू. त्याच सुमारास आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि वही माझ्या टेबलावर आली. मी बीकॉम, लग्नाआधी चार वर्षं टॅली केलेलं. मला वाटलं, एका रविवारचं काम आहे.

हिशेब खरंच रविवारी संध्याकाळी झाला. पुढचे तीन आठवडे माणसांची नावं जुळवण्यात गेले. वहीत कुणी 'बाळू वेल्डर', कुणी नुसता 'बिहारी'. आधारवर वेगळं नाव, बँकेत वडिलांचं नाव आधी, आणि तिघांची जन्मतारीख एक जानेवारी. ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आधी कधीच निघाला नव्हता, त्यांना सरकारी उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवायचा होता. दुपारच्या सुट्टीत गेटजवळच्या उजेडात एकेकाला उभं करून मी मोबाईल धरायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा, उघडा." मागून बाकीचे हसायचे. ग्राइंडिंगवरच्या एकाचा चेहरा काही केल्या जुळेना. शेवटी तोंड धुऊन आला, तेव्हा जुळला.

पहिला पगार ऑगस्टचा, आणि त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटाला आले. म्हणजे बहुतेकांची दोन-तीन हजारांची उचल, ती त्याच पगारातून वळती करायची, आणि वर पीएफची पहिली कपात. आता मागे वळून बघताना कळतं, उचल दोन हप्त्यांत घ्यायला हवी होती. तेव्हा सुचलं नाही.

सकाळी बँकेत पैसे जमा झाले. दहा वाजता आमचे जुने टर्नर केबिनच्या दारात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही.

"वहिनी, ह्ये अठराशे कुठं गेलं?"

आण्णांच्या काळात पगार म्हणजे हातात येणारे पैसे. पगारचिठ्ठीवर मी सगळं लिहिलं होतं, पण चिठ्ठी वाचायची सवय कुणाला? मग मामांना बसवलं आणि कागदावर लिहून दाखवलं. एकूण पगार १८,०००. त्यात मूळ आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० पीएफ. ईएसआय पाऊण टक्का, १३५. व्यवसाय कर २००. हातात १५,८६५, त्यातून उचल वजा. मग दुसऱ्या बाजूला आमचा खर्च लिहिला: तुमच्या अठराशेला आमचे अठराशे, ईएसआयचे ५८५, पीएफचा विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १५०. म्हणजे तुमच्यामागे कंपनीचे २०,५३५ जातात.

मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "मग आमच्या हातात पंधराच का?"

खरं सांगते, यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

त्याच दिवशी दुसरं भांडण. इन्स्पेक्शनला एक ताई आहे, तिच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर शून्य. शेजारच्या पोराने ते बघितलं. "तिचे दोनशे का नाही कापले?" महाराष्ट्रात बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर हा कर लागत नाही, पुरुषाला दहा हजारांच्या वर गेला की दोनशे. हे सांगितल्यावर ती ताई जी हसली, ती दिवसभर हसतच होती.

पीएफची फाइल मात्र माझ्या कायमची लक्षात राहील. साधी टेक्स्ट फाइल, एका माणसाची एक ओळ, ओळीत अकरा रकाने, आणि दर दोन रकान्यांमध्ये हॅश, मग लाटेसारखी खूण, मग पुन्हा हॅश. खाड्याच्या दिवसांचाही रकाना आहे. एका नावापुढे माझ्याकडून जास्तीची मोकळी जागा पडली होती. ती शोधायला रात्रीचे साडेअकरा वाजले. भरायची शेवटची तारीख पंधरा, आणि त्या दिवशी चौदा होती.

त्या रात्री आणखी एक चूक निघाली, ती माझ्या मावसभावाने पकडली. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पंधरा हजारांवर १,२५०, आणि उरलेले ५५० पीएफला. मी सगळ्यांना तेच लावलं होतं. तो म्हणाला, "मामांचं वय बघ." आधारवर साठ. वहीत वय कधी लिहिलंच नव्हतं, आणि मामा गेली पाच वर्षं छप्पन्नच सांगत आलेत. अठ्ठावन्नच्या पुढे पेन्शनचा वाटा पडत नाही, मालकाचे सगळे अठराशे पीएफलाच जातात. ओळ बदलली, फाइल चढवली.

डिसेंबरात मामांच्या नातवाने त्यांच्या मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून दिलं. दर महिन्याला अठराशे आणि अठराशे. मामांनी ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवलं. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दारात चौघे उभे. आमच्यापुढं मालकाचे साडेपाचशेच कसे?

कागद-पेन घेऊन पुन्हा बसले. फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे कापला जातो, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे होतात. तेही लगे हात तेव्हाच सांगून टाकलं.