मोल्ड डिझायनरचं नाव टूलरूमबाहेर कसं पोचतं: माझा अनुभव

इंजेक्शन मोल्डचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरून पार्ट घडवणाऱ्या साच्याचं, डिझाइन करणारा माणूस दहा-दहा वर्षं काम करतो, तरी त्याचं नाव टूलरूमच्या (साचे बनवणाऱ्या विभागाच्या) बाहेर कुणाला ठाऊक नसतं. ड्रॉइंगवर कंपनीचं नाव, पार्टवर ग्राहकाचं. नोकरी बदलायची ठरवली तेव्हा ही अडचण माझ्यापुढे आली, आणि लिंक्डइनवर ओळख उभी करायला मी सहा महिने दिले. काय केलं ते क्रमाने सांगतो.

आधी हेडलाइन, म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली येणारी ओळ. ‘मेकॅनिकल डिझाइन इंजिनीअर’ या शब्दांत सगळेच बसतात. मी लिहिलं: ‘प्लास्टिक इंजेक्शन मोल्ड डिझायनर, पातळ भिंतीचे पार्ट, १६ कॅव्हिटीपर्यंत’. कॅव्हिटी म्हणजे साच्यातली पार्ट घडवणारी पोकळी. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, पण शोधाच्या यादीत सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणून कामाचं नाव आधी, पद आणि कंपनी नंतर. ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’ असले शब्द काढून टाकले. ते टाइप करून माणूस कुणी शोधत नाही.

आपल्याकडे नावाचा घोळ फार होतो. बायोडेटावर वडिलांच्या नावासकट, ईमेलमध्ये आद्याक्षरं, नोकरीच्या साइटवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. एकाच आडनावाची माणसं ढीगभर असताना असं झालं की शोधणारा भलत्याच्याच प्रोफाइलवर जातो. सगळीकडे एकच स्पेलिंग आणि एकच फोटो ठेवा. प्रोफाइलच्या पत्त्यात आपोआप आलेले आकडेही बदलता येतात.

‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरांची जागा आहे, पण उघडल्याशिवाय पहिल्या काही ओळीच दिसतात. तिथे मी कोणत्या प्लास्टिकवर काम केलं, किती टनांच्या मशीनसाठी आणि कोणतं सॉफ्टवेअर वापरलं, एवढंच ठेवलं.

खरी मेहनत पुराव्याला लागली. कंपनीचं ड्रॉइंग टाकता येत नाही. गोपनीयतेच्या करारावर आपली सही असते. मी एकदा नुसता रिबचा (पार्टला बळकटी देणाऱ्या पातळ पट्टीचा) फोटो टाकला आणि मागच्या टेबलावरच्या ड्रॉइंगचा पार्ट नंबर त्यात आला. तासाभरात काढला, पण चूक ती चूकच. तेव्हापासून टूलरूममध्ये काढलेला एकही फोटो टाकला नाही.

त्याऐवजी घरातल्या डब्याचं गोल झाकण घेतलं, व्हर्नियरने मापलं आणि त्याचा मोल्ड स्वतः डिझाइन केला. मटेरियल पीपी (पॉलिप्रॉपिलीन), भिंत १.५ मिमी, थंड होताना आकसणं १.५ टक्का धरलं, ड्राफ्ट (पार्ट सहज सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) १ अंश. कोअर-कॅव्हिटीचं (साच्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाचं) सेक्शन, इजेक्शन (पार्ट बाहेर ढकलण्याची सोय) आणि कूलिंगची चित्रं प्रोफाइलवरच्या ‘फीचर्ड’ या विभागात लावली. ही वस्तू वाचणाऱ्याच्या स्वयंपाकघरातही असते, म्हणून मोल्ड न कळणारा एचआरचा माणूसही ते चित्र थांबून बघतो.

दर रविवारी एक पोस्ट. विषय एकच दोष, कारण आणि उपाय. उदाहरणार्थ सिंक मार्क, म्हणजे पार्टवर पडणारा खड्डा: भिंत २.५ मिमी आणि रिबही २.५ मिमी ठेवली की जोडावर प्लास्टिकचा गोळा साठतो, तो उशिरा थंड होतो आणि समोरच्या दर्शनी बाजूला खड्डा पडतो. रिब भिंतीच्या ५० ते ६० टक्के, म्हणजे १.४ मिमीच्या आसपास ठेवायची. पार्टवरची रिब म्हणजे मोल्डमधली खाच. ती रुंद करायला पोलाद कापलं की झालं. अरुंद करायची तर वेल्डिंग नाहीतर नवा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा वेगळा तुकडा). म्हणून सुरुवात बारीक रिबनेच करावी. ही पोस्ट मी मराठीतही लिहिली. इंग्रजीवर लाइक जास्त आले, पण मराठीवर मशीन चालवणाऱ्यांनी आपापल्या पार्टच्या अडचणी विचारल्या, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

शिफारशी मागताना ‘दोन शब्द लिहा’ म्हटलं की ‘मेहनती आणि प्रामाणिक’ एवढंच येतं. माझा मोल्ड मशीनवर चालवणाऱ्या प्रॉडक्शनच्या माणसालाच मी सांगितलं: पहिल्या ट्रायलला काय अडलं, किती दुरुस्त्या लागल्या, सायकल टाइम (एक फेरी पूर्ण व्हायचा वेळ) किती बसला, तेवढंच लिहा. साहेबांच्या कौतुकापेक्षा त्या चार ओळींना वजन येतं.

पहिले दोन महिने काहीच हाललं नाही. बहुतेक जण इथेच सोडतात, कारण ते लाइक मोजतात. मी आपलं प्रोफाइल कुठल्या शोधात आलं ते बघत होतो. तिथे ‘मोल्ड’ आणि ‘टूल’ हे शब्द दिसायला लागले तेव्हा हेडलाइन बरोबर असल्याची खात्री पटली.

पुढे मुलाखतीला बसलो तर समोरच्यांच्या लॅपटॉपवर त्या झाकणाचंच चित्र उघडं होतं. पहिलाच प्रश्न, “गेट मधोमध का दिलं?” गेट म्हणजे प्लास्टिक पार्टमध्ये शिरतं ते तोंड. मी सांगितलं, कडेला दिलं असतं तर पीपी एका बाजूने भरत गेलं असतं, सगळीकडे सारखं आकसलं नसतं आणि झाकण वाकून डब्यावर बसलं नसतं. “मग गेटची खूण?” त्यांनी विचारलं. तिथे मी अर्धा मिलिमीटर खोलगा दिला होता. तो सेक्शनमध्ये मोठा करून दाखवला.